नेलपॉलिशची रेघ

पहाटे पावणेचारला वेणीमाधव टोकेकरांचा दिवस सुरू व्हायचा. गजर नसायचा. चाळीस वर्षं पहिली पाळी केलेल्या माणसाला गजर लागत नाही. उठायचं, अंधारातच स्टोव्हला पंप मारायचा, चहा घ्यायचा, अंघोळ उरकायची आणि पाचच्या आत सायकल खांद्यावर घेऊन गल्लीबाहेर पडायचं. खांद्यावरच, कारण बनारसच्या भोसले घाटामागच्या त्या गल्लीत वळणावर एक गाय बसलेली असे, आणि ती कोणासाठी उठत नसे. तिथून रेल्वेच्या इंजिन कारखान्यापर्यंत दहा किलोमीटर. सहाचा भोंगा व्हायच्या आत ते निळ्या डगल्यात मशीनसमोर उभे. चाळीस वर्षांत भोंगा त्यांच्या आधी वाजला असं तीन वेळा झालं. तिन्ही तारखा त्यांना पाठ होत्या.

घराणं घाटावरचं. आजोबा, वडील, काका, सगळे महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धर्मकार्यं करणारे. वेणीमाधवच काय ते आयटीआयला गेले. वडील म्हणाले होते, "हात काळे करून घेशील." हे म्हणाले, "संध्याकाळी धुतो." तेवढ्यावर ते बोलणं संपलं होतं आणि ते फिटर झाले होते.

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. भोंगा सुटला, सायकल मोडीत गेली, स्टोव्ह गेला. पावणेचार मात्र राहिले. उठून करायचं काय, हा रोजचा प्रश्न होता. बायकोला, शरदिनीबाईंना, त्या वेळी खोलीत खुडबुड चालत नसे. मग ते गच्चीवर जाऊन उजाडेपर्यंत नदीकडे बघत बसत. बघण्यात काही कष्ट नव्हते, म्हणून त्यांना ते काम वाटत नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या सफाईत शरदिनीबाईंनी पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली.

"अहो, ही तुमची जपानी गाडी निघाली. खाली भंगारवाला उभा आहे. देऊन टाकू?"

"थांब."

"मी थांबते हो. गाडी छत्तीस वर्षं थांबलेलीच आहे."

पेटीतून त्यांनी ती दोन्ही हातांनी बाहेर काढली. हातभर लांबीची बग्गी, रेतीत पळणारी खेळण्यातली मोटार, रिमोटवर चालणारी. लाल रंग उडून विटकरी झाला होता. रबरी चाकांना भेगा पडल्या होत्या. बॅटरी फुटून तिच्यावर हिरवट पांढरा थर जमला होता. शॉकअ‍ॅबमधलं धक्के झेलणारं तेल कधीच वाहून गेलं होतं. आत ड्रायव्हरच्या जागी प्लॅस्टिकचं इवलंसं डोकं होतं, आणि त्याला काळ्या रंगाने जाड मिशा काढलेल्या. त्या मिशा वेणीमाधवांच्या होत्या. अकरा वर्षांच्या लेकीने, मालविकेने काढलेल्या.

"मालू माघात येते म्हणालीय ना?" त्यांनी विचारलं.

"येते म्हणालीय. बँकेचं ऑडिट संपलं की आठ दिवस."

"तोवर चालू करतो."

शरदिनीबाईंनी भंगारवाल्याला जुनी बादली दिली.

ही गाडी कशी आली तेही सांगायला हवं. गल्लीतल्या पाठशाळेत एक जपानी विद्यार्थी संस्कृत शिकायला होता. दोन वर्षं राहिला, आणि जाताना त्याने सगळं विकायला काढलं. रजई, कंदील, पातेली, आणि भावाने घरून पाठवलेलं एक खोकं, ज्याला त्याने कधी हात लावला नव्हता. खोक्यात सुटे भाग होते. शेकडो. पिशव्या भरभरून स्क्रू, चाकं, गिअर, एक मोटर, एक रिमोट. मालविका त्या खोक्याजवळ उभी राहिली ती हललीच नाही. तीन महिन्यांचा ओव्हरटाइम त्या खोक्यात गेला. शरदिनीबाई दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "निदान चालू तरी करा."

तेव्हा ८९चा जानेवारी होता. गच्चीवर चटई टाकून बापलेक बसत. ती दर रविवारी त्यांची हत्यारं पुसून ठेवणारी मुलगी. कोणता पाना कुठे बसतो हे तिला न विचारता कळे. सोबतच्या पुस्तकातली अक्षरं जपानी, पण चित्रं सगळ्यांना कळणारी. चित्र ती वाचायची, जोडणी हे करायचे. चार्जर जपानी, शंभर व्होल्टचा. आपली वीज दोनशेवीसची. मग त्यांनी बनारसच्याच लंका भागातून ट्रान्सफॉर्मर आणला. बॅटरी पंधरा तास चार्ज करायची आणि गाडी पंधरा मिनिटं चालायची, तेही मध्ये लाइट गेली नाही तर. त्या पंधरा मिनिटांसाठी अर्धी गल्ली गच्चीवर येई.

मोटर बसवायचा दिवस खिचडीचा होता. संक्रांतीला बनारसमध्ये खिचडी म्हणतात, आणि आकाश पतंगांनी भरतं. मोटरचा छोटा गिअर लोखंडी, पुढचा मोठा गिअर पांढऱ्या नायलॉनचा. दोघांचे दाते एकमेकांत किती घुसवायचे, यावर सगळी गाडी उभी असते.

"बाबा, इथे बघा," मालविका चित्रावर बोट ठेवून म्हणाली. "दोन गिअरच्या मध्ये कागदाची पट्टी घातलीय. मग स्क्रू आवळायचे आणि पट्टी काढून घ्यायची. म्हणजे कागदाएवढी फट राहील."

तिने भूगोलाच्या वहीतून पट्टी फाडून आणलीही होती. वेणीमाधवांनी ती बोटांत चोळून पाहिली.

"जाड आहे. पतंगाचा आण."

"पण चित्रात तर..."

"चित्र सगळ्यांसाठी असतं. माझ्या हातचं काम ढिलं नसतं."

कटून गच्चीत पडलेल्या एका पतंगाचा तुकडा तिने मुकाट्याने आणून दिला. गिअर घट्ट बसले. मग कारखान्यातल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी खूण केली. मोठ्या मशीनवर स्क्रू आवळला की स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक सलग रेघ ओढायची. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. कोणी उघडलं, कोणी नाही, हे मग विचारावं लागत नाही. घरात रंग नव्हता. शरदिनीबाईंची बहिणीच्या लग्नात आलेली लाल नेलपॉलिशची बाटली होती, ती त्यांनी घेतली. दोन स्क्रू, दोन रेघा. त्यांच्यावर बाजूचं झाकण लावलं.

"माझी नेलपॉलिश तुमच्या इंजिनाला," शरदिनीबाई म्हणाल्या. "माझ्या बोटांना एकदा लावली नाही अजून."

मे महिना उजाडला. मेमध्ये गंगा आकसते आणि समोरच्या काठावर मैलभर रेती उघडी पडते. एका रविवारी सकाळी नाव करून तिघं गाडी घेऊन पलीकडे गेली. शेजारची चार माणसंही होती. मालविका चालवत होती. रेतीतून गाडी अशी धूळ उडवत पळाली की नावाडी वल्ही टाकून बघत उभे राहिले. वेणीमाधव हात मागे बांधून उभे होते. कारखान्यात इंजिन पहिल्यांदा रुळावर उतरवताना ते तसेच उभे राहत.

"बाबा, ही ओरडतेय," मालविका म्हणाली.

"नवी आहे. बसेल."

"परवापासून ओरडतेय. आज जास्त."

"तू चालव."

दहा मिनिटांनी करकर झाली आणि गाडी थांबली. मोटर फिरत होती, चाकं नव्हती. त्यांनी तिथेच रेतीवर उलटी करून खालचं झाकण काढलं. नायलॉनच्या गिअरचे दाते भाजलेल्या पोह्यांसारखे गळून पडले.

"मोटर कोणी हलवली?" ते म्हणाले. "गुरुवारी पेचकस तुझ्या हातात होता."

"मी एरियलचा स्क्रू घट्ट केला. मोटर उघडली नाही."

"हलल्याशिवाय दाते जात नाहीत. मी बसवलेलं आहे ते."

"मी उघडली नाही, बाबा."

"खोटं बोलू नकोस."

सगळ्यांसमोर. शेजारी, नावाडी, सगळे. आणि मग ते एवढंच म्हणाले, "यापुढे हत्यारांना हात लावायचा नाही."

तिने लावला नाही. पुढच्या रविवारी हत्यारं तशीच तेलकट राहिली. वेणीमाधवांना वाटलं, दोन आठवड्यांत निवळेल. निवळण्यासारखं काही दिसलंच नाही. ना रडणं, ना रुसणं. मुलगी कॉमर्सला गेली, बँकेत लागली, लग्न होऊन नागपूरला गेली. फोनवर चांगलं बोलायची. तब्येत विचारायची, औषधं विचारायची. गाडीचं नाव छत्तीस वर्षांत तिने काढलं नाही, यांनीही नाही.

आता दिवाळी झाली आणि पावणेचारला उठण्याला कारण मिळालं. सुटे भाग विकत घ्यायचे तर पैसे हवेत, आणि पेन्शन घरची होती. गाडीसाठी घरच्या पैशाला हात लावायचा नाही, हे त्यांनी स्वतःशी ठरवलं. लहरताऱ्याच्या बाजूला श्रीराम विश्वकर्माचं वर्कशॉप होतं. विणकरांच्या मागांचे सुटे भाग तिथे बनत. वेणीमाधव जाऊन उभे राहिले.

"का गुरू, इस उमर में?" श्रीराम म्हणाला. तो पन्नाशीचा, पान तोंडात, मालक असला तरी स्वतः लेथवर उभा राहणारा.

"आधा दिन. सहा ते अकरा. तुकड्यावर मजुरी द्या. खराब निघाला तर त्याचे देऊ नका."

"आपके हाथ का खराब कौन निकालेगा?"

"मी."

पहिल्या आठवड्यात एकशेचाळीस तुकडे झाले, त्यातले अकरा त्यांनी स्वतः बाजूला टाकले. दुसऱ्या आठवड्यात चार. हात थोडा थरथरत होता. थरथरतो म्हणून त्यांनी लेथच्या हँडलखाली मनगट टेकायला लाकडाचा ठोकळा लावला. तिसऱ्या आठवड्यापासून एकही तुकडा बाजूला गेला नाही.

काम संपलं की तासभर लेथ त्यांच्या गाडीचा. श्रीरामला त्या गाडीचं भयंकर वेड लागलं. रोज मोबाइलवर काहीतरी नवीन काढून दाखवायचा. ती गाडी जपान्यांनी जुन्या माणसांच्या हौसेसाठी पुन्हा बाजारात आणली होती, त्यामुळे चाकं, गिअर, शॉकअ‍ॅबची रबरं, सगळं मागवता येत होतं. एक मोटर होती, नव्या पद्धतीची, जुनीच्या तिप्पट वेगाची.

"यही लगाओ गुरू. रॉकेट हो जाएगा."

"बघू. पैसे जमले की."

आधी त्यांनी मोटरचा भाग शेवटी ठेवून बाकीची गाडी सुटी केली. निघालेला प्रत्येक स्क्रू रॉकेलमध्ये बुडवला. चाकांच्या दांड्या बुशमध्ये, पितळी नळकांड्यात, घासत फिरत. तिथे त्यांनी बॉल बेअरिंग बसवायचं ठरवलं. मागची चाकं धरणाऱ्या आर्मच्या पिना वाकल्या होत्या, त्या स्टेनलेसच्या नव्या केल्या. सगळं नीट चाललं होतं, आणि मग त्यांनी मोटरवरचं बाजूचं झाकण काढलं. हे झाकण त्या मेमध्ये काढलं नव्हतं. तेव्हा खालचं काढलं होतं.

आत लाल रेघ होती.

दोन स्क्रू, दोन रेघा. स्क्रूच्या डोक्यावरून निघालेली रेघ न तुटता खालच्या पत्र्यावर उतरली होती. पहिली तशीच, दुसरीही तशीच. त्यांनी चष्मा काढून पुसला. भिंग आणलं. उन्हात नेऊन पाहिलं. नेलपॉलिशला तडा नव्हता.

कारखान्यात बिघाड झाला की पहिलं काम कोणतं, हे त्यांनी चाळीस वर्षं नव्या पोरांना शिकवलं होतं. आधी रेघ बघा, मग माणसाला विचारा. रेतीवर त्यांनी आधी माणसाला विचारलं, आणि रेघ बघितलीच नाही. झाकणाचे तीन स्क्रू काढायचे होते. दोन मिनिटांचं काम.

मग दाते का गेले? हेही आता कळत होतं. नायलॉन गरम झालं की फुगतं. जानेवारीच्या थंडीत पतंगाच्या कागदाएवढी ठेवलेली फट मेच्या रेतीवर उरलीच नसणार. दात दातावर घासून वितळला. गाडी ओरडत होती ती त्यासाठी. वहीचा कागद बरोबर होता. चित्र बरोबर होतं. मुलगी बरोबर होती.

त्या दिवशी ते वर्कशॉपमधून पायी घरी आले.

"काय झालं?" शरदिनीबाईंनी विचारलं.

त्यांनी गाडी समोर ठेवली आणि रेघ दाखवली. शरदिनीबाईंनी ती चष्मा लावून पाहिली.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, ती खोटं बोलत नाही."

"म्हणाली होतीस."

"तुम्ही ऐकता थोडंच? मशीनचं ऐकता म्हणे."

"मशीनचंही नाही ऐकलं," ते म्हणाले.

आता अडचण वेगळीच उभी राहिली. नवा गिअर बसवायचा तर मोटर काढावी लागणार, आणि मोटर काढायची तर रेघ तुटणार. एवढी एकच साक्ष होती. शरदिनीबाई म्हणाल्या, फोटो काढून ठेवा. त्यांना ते पटलं नाही. फोटो आज काढलेला, रेघ तेव्हाची. मालविकेने ती स्वतःच्या डोळ्यांनी बघावी, तोवर त्या दोन स्क्रूंना पेचकस लागणार नाही.

म्हणून मग गाडी विचित्र रीतीने बांधली गेली. मोटर जागच्या जागी ठेवून तिच्याभोवतीचं सगळं नवं. बेअरिंग, नवी चाकं, शॉकअ‍ॅबमध्ये नवं तेल. वेग कमीजास्त करणारी जुनी पितळी कळ काढून तिथे नवा इलेक्ट्रॉनिक भाग. जुना हातभर एरियलचा रिमोट जाऊन नवा, बिनएरियलचा. बॅटरी जुनीच्या अर्ध्या वजनाची, तासाभरात चार्ज होणारी. विटकरी पत्र्यावर लाल रंगाचे दोन हात. मिशांना मात्र त्यांनी ब्रश लावला नाही. नवा पांढरा गिअर पाकिटात बंद, कपाटात.

"गुरू, गाडी पूरी हो गई, चलती क्यों नहीं?" श्रीराम रोज विचारायचा.

"एक काम बाकी है."

"तो कर डालो. दस मिनट का है."

"माझं नाही ते."

आयुष्यात अर्धं काम ठेवून ते कधी झोपले नव्हते. आता तीन महिने ठेवलं. पहाटे उठून लेथवर जायचं आणि मजुरी साठवायची. त्या तिप्पट वेगाच्या मोटरचे पैसे जमत आले होते. ती आणायची आणि मालूच्या हातात द्यायची, असा बेत होता.

माघात मालविका आली. सत्तेचाळीस वर्षांची, केसांत पांढरं, गळ्यात चष्म्याची साखळी. येताच आईच्या गुडघ्यांची चौकशी, बाबांच्या गोळ्यांचा डबा उघडून तपासणी. "बाबा, पहाटे लेथवर जाता म्हणे? आई फोनवर रडकुंडीला येते."

"रडत नाही ती. सांगते फक्त."

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. सकाळी चौकातून तिच्यासाठी मलइयो आणलं, मातीच्या कुल्हडातला गोड दुधाचा फेस, थंडीतच मिळतो तो. खाऊन झालं तरी शब्द निघाला नाही. शरदिनीबाई आतून डोळे वटारत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन गच्चीवर आल्यावर त्यांनी चटई टाकली, वर गाडी ठेवली, बाजूचं झाकण काढून ठेवलं, भिंग ठेवलं, आणि हाक मारली.

मालविका गच्चीच्या दारातच थबकली.

"ही अजून आहे?"

"ये. बघ."

ती बसली. आधी मिशांवर बोट फिरवलं. मग भिंग उचललं. बघायला काय सांगितलंय हे तिला विचारावं लागलं नाही.

"आईची नेलपॉलिश."

"हो."

"रेघ सलग आहे. दोन्ही."

"हो. म्हणजे तू उघडली नव्हतीस."

मालविकेने भिंग खाली ठेवलं. "ते मला माहीत होतं, बाबा."

खालून घाटावरच्या घंटेचा आवाज आला आणि थांबला.

"मला दिवाळीनंतर कळलं," ते म्हणाले.

"छत्तीस वर्षांनी?"

"दोन मिनिटं लागली असती. बघितलं नाही. रेतीवर चार माणसांत तुला खोटं म्हणालो, ते चुकलं. आणि कागदही तुझाच बरोबर होता. पतंगाच्या कागदाने दाते गेले. माझ्या हाताने गेले."

ती साडीच्या पदराशी चाळा करत राहिली. वेणीमाधवांचं सांगायचं ते सांगून झालं होतं.

"दहावीनंतर मी पॉलिटेक्निकचा फॉर्म आणला होता," ती म्हणाली. "भरलाही होता. तुमची सही पाहिजे होती."

"मला दाखवला नाहीस."

"नाही दाखवला. गणिताच्या पुस्तकात ठेवला होता. मग रद्दीत गेला."

ते मान खाली घालून बसले. मालविकेने त्यांच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"मग आता काय? ही अशीच ठेवायची, रेघ दाखवायला?"

त्यांनी कपाटातलं पाकीट आणि पेचकस तिच्यापुढे ठेवला. "उघड."

"मला सवय नाही आता."

"मी सांगतो."

"नको. तुम्ही सांगू नका." ती पेचकस उचलत म्हणाली. "तुम्ही त्या भिंतीशी बसा. हात मागे."

ते भिंतीशी बसले. तिने स्क्रूवर टोक टेकवलं, दाब दिला, आणि रेघ तुटली. लाल भुकटी पत्र्यावर पडली. मोटर निघाली. जुन्या गिअरचा गाभा निघाला, तो तिने निरखून पाहिला आणि गच्चीच्या कठड्यावर ठेवला. नवा बसवला. एकदा उलटा बसवला, तेव्हा वेणीमाधवांच्या तोंडातून "अं" निघालं.

"बाबा."

"काही नाही म्हणालो मी."

तिने तो स्वतःच काढून सुलटा केला. मग ओरडली, "आई, एक वहीचा कागद दे गं!"

शरदिनीबाई वही घेऊनच वर आल्या. "भजनाची आहे. एकादशीचं पान फाडू नकोस. मागचं कोरं घे."

मालविकेने पट्टी फाडली, गिअरमध्ये घातली, मोटर दाबून स्क्रू आवळले, पट्टी ओढली. बोटाने चाक फिरवून कानाशी नेलं. मग थोडं हलवून पुन्हा एकदा. दुसऱ्या खेपेला तिने मान डोलावली. पाऊण तास लागला. वेणीमाधवांना दहा मिनिटं लागली असती, आणि ते भिंतीशी बसून होते. उभ्याने काढलेल्या कुठल्याही पाळीपेक्षा हे बसण्याचं काम त्यांना जड गेलं.

"खूण कशाने करू?"

शरदिनीबाईंनी कमरेच्या बटव्यातून एक बाटली काढली. नवी, लाल. "दिवाळीलाच आणून ठेवलीय," त्या म्हणाल्या. "उरली तर मला द्या या वेळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पलीकडे गेली. आता नावा सीएनजीवर चालतात, दहा मिनिटांत पार. नावाडी गाडीकडे बघून म्हणाला, "ई का हौ, काका?"

"बिटिया की गाड़ी है," वेणीमाधव म्हणाले.

मालविका चष्मा लावून रेतीवर उभी राहिली. गाडी निघाली. आधी हळू, मग लांब वळण, मग सरळ. आवाज होता तो मोटरचा, एकसारखा. ओरडणं नव्हतं. ती कान देऊन ऐकत होती, आणि वेणीमाधव तिच्याकडे बघून ऐकत होते. तिसऱ्या फेरीत तिने वळण जास्त घेतलं, गाडी उडून दोनदा उलटली आणि मिशीवाला ड्रायव्हर रेतीत तोंडावर पडला.

"मी पाडली," ती म्हणाली आणि त्यांच्याकडे वळून बघितलं.

"गाडी पडते," ते म्हणाले. "बघ काही तुटलंय का."

तिने आधी झाकण काढून रेघ बघितली. मग बाकीचं. काही तुटलं नव्हतं. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती चालवत राहिली. शरदिनीबाईंनी डब्यातल्या पुऱ्या काढल्या, त्या तिने डाव्या हाताने खाल्ल्या, उजवा रिमोटवर.

परतताना नावेत वेणीमाधवांनी तिप्पट वेगाच्या मोटरचं सांगितलं. पैसे जमलेत, मागवू का?

"नको, बाबा. हिचा आवाज चांगला आहे. त्या मोटरने पुन्हा दातेच जातील." मग ती म्हणाली, "ही तुम्ही बांधलीय. मी फक्त दोन स्क्रू आवळले."

ती नागपूरला गेली. गाडी बनारसमध्येच राहिली, कपाटावर, चादरीखाली नाही. वेणीमाधव होळीपर्यंत लेथवर जात राहिले. श्रीराम म्हणाला, गुरू, गाडी तो हो गई, अब काहे खटते हो? ते म्हणाले, अजून थोडं कमी पडतंय.

होळीनंतर नागपूरच्या पत्त्यावर एक खोकं पोहोचलं. तीच बग्गी, जपानहून, सगळी सुटी. पिशव्या भरभरून स्क्रू, चाकं, गिअर, न रंगवलेला ड्रायव्हर. मालविकेने पाच महिने लावून ती बांधली, दर रविवारी, आणि एकदाही फोन करून काही विचारलं नाही. गाडीसाठी फोन केला तो फक्त एकदा, खोकं आलं त्या संध्याकाळी. "बाबा, यातलं पुस्तक आता इंग्रजीत आहे," ती म्हणाली. "पण कागदाचं चित्र तेच आहे."

मोटरसाठी जमवलेले पैसे आणि होळीपर्यंतची मजुरी त्या खोक्यात गेली. खोकं श्रीरामच्या वर्कशॉपच्या पत्त्यावर आलं होतं, आणि तिथून वेणीमाधवांनी ते स्वतः पोस्टात नेलं होतं. वरची चिकटपट्टी त्यांनी काढली नाही.